खोगीर चढलेल्या माद्या

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांत राबणाऱ्या खानदेशी माणसाला रंगाचं पाणी नुसत्या डोळ्यांनी कळतं. ते किती विषारी आहे हे ठरवायला प्रयोगशाळेला डॅफ्निया लागतो. हा काही मिलिमीटरचा पाणपिसू. त्याची पिल्लं सांडपाण्यात सोडायची आणि ४८ तासांनी किती हलेनाशी झाली ते मोजायचं, ही जगभर रुळलेली चाचणी आहे. तिची एक अट मोठी बोलकी आहे: ज्या टाकीत नर दिसतील, किंवा पाठीवर काळसर खोगीर चढलेल्या माद्या दिसतील, तिथली पिल्लं घ्यायची नाहीत. ती टाकी ताणाखाली आहे असं समजायचं.

या खोगिराला इफिपियम म्हणतात. १७८५ साली डेन्मार्कच्या ओ. एफ. म्यूलरनं या जीवांवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ते अभ्यासकांच्या नजरेत आहे. पण त्याचा नीट उलगडा व्हायला १८५७ उजाडलं. डार्विनचा शेजारी जॉन लबक यानं तेव्हा डॅफ्नियाच्या प्रजननाच्या दोन पद्धती आणि खोगिराची रचना मांडली. एरवी मादी नराविनाच अंडी घालते, ती पाठीवरच्या कोशात वाढतात आणि काही दिवसांत मुली बाहेर पडतात. गर्दी झाली, अन्न आटलं, दिवस लहान झाले की मुलगेही जन्मू लागतात. मग काही माद्यांच्या कोशाची भिंत बदलते. कवचाखालच्या पेशी तिथे जाड, पोळ्यासारखा जाळीदार थर रचतात आणि मेलॅनिननं तो काळा पडतो. मीलनानंतर अंडी, डॅफ्नियात बहुधा दोन, त्या भिंतीआड येतात. मादी कात टाकते तेव्हा तेवढा तुकडा अंड्यांसकट सुटतो. म्हणजे अंड्यासाठी वेगळी पेटी कुणी घडवत नाही, आईची कातच मिटून पेटी होते. मला यातली ही काटकसर फार आवडते. सुकलेल्या चिखलात ती अंडी वर्षानुवर्षं थांबतात.

हे खोगीर आलं कुठून, या प्रश्नाची वाट नागपुरातून जाते. १८४५ पासून तिथे राहिलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप दगड, जीवाश्म, किडे असं सगळंच गोळा करी. त्यानं नागपूरहून पाठवलेल्या, शिंपल्यासारख्या कवचाच्या झिंग्याच्या एका जातीला विल्यम बेअर्डनं १८५९ मध्ये हिस्लॉपचं नाव दिलं. चार वर्षांनी हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून वारला. पुढे १८८७ मध्ये नॉर्वेच्या जी. ओ. सार्सनं ऑस्ट्रेलियाहून आलेल्या वाळक्या चिखलात पाणी घातलं, तर त्यातून हीच जात उगवली! त्यानं तिच्यासाठी सायक्लेस्थेरिया हा नवा वंश केला.

या गटातले बाकीचे झिंगे अंडी सुटी टाकतात. हिला मात्र पाणपिशासारखी पिल्लं कवचाखाली वाढवायची सवय. १९९० च्या दशकात कोलंबियातल्या अभ्यासात तिच्या टिकाऊ अंड्यांभोवतीही खोगिरासारखं आवरण नोंदलं गेलं. आज ती पाणपिशांची सर्वांत जवळची नातलग मानली जाते.

२०१३ मध्ये जनुकं तपासली, तेव्हा उष्ण देशांभर एकच समजली गेलेली ही जात म्हणजे हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचा जुडगा निघाला. त्यांतली खरी हिस्लॉपी कोणती, हे ठरवायचं तर नमुने नागपूरच्या पाण्यातलेच लागतील.