उन्हाळा आणि आपली जित्राबं (भाग 5) : उंटाची उसनवारी

मागच्या भागात घामाचं पाहिलं. एक लिटर घाम कातडीवर वाळतो तेव्हा अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे अंग थंड ठेवायचं तर पाणी खर्चावं लागतं. हा खर्च पाहायला लांब जायला नको. मे महिन्यात भर दुपारी आमच्या गोरेगावच्या शेतातल्या कुठल्याही आखाड्यावर जा. पारा बेचाळिसाच्या पुढे, औत सकाळीच सोडलेलं, आणि लिंबाखालचा बैल नाकपुड्या फुगवून भराभर श्वास घेतोय. लाल कंधारी जातीचा बैल त्यातल्या त्यात काटक. सैल कातडी, गळ्याखाली लोंबती पोळी, आखूड केस, त्यामुळे घाम लवकर वाळतो. म्हशीला ती सोय नाही. काळं कातडं, विरळ केस आणि घामाच्या ग्रंथी गाई-बैलांपेक्षा कितीतरी कमी. आतून पाणी काढता येत नाही म्हणून ती बाहेरून चिखल चढवते. डबक्यात बसलेल्या म्हशीला आळशी म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पण ओढा आटला, कयाधू नदीचं पात्र उघडं पडलं, हौदही कोरडा, तर? वाळवंटात हा प्रश्न रोजचा असतो, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर उंटाकडे आहे. उंट आपल्याला अगदीच परका नाही. कच्छकडचे रबारी मेंढपाळ विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. मेंढ्यांच्या कळपामागून बिऱ्हाड लादलेले त्यांचे उंट वर्धा-यवतमाळकडच्या लोकांनी पाहिलेले असतात.

उंटाच्या मदारीत पाणी असतं, असं लहानपणी आपल्या सगळ्यांना सांगितलेलं असतं. तिथे चरबी असते. ती सगळ्या अंगावर न पसरता पाठीवर एका जागी साठल्यामुळे बाकीच्या कातडीतून उष्णता सहज बाहेर पडते. खरी गंमत मात्र वेगळीच निघाली. नॉर्वेत जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नीलसन 1953-54 मध्ये अल्जीरियातल्या बेनी अब्बेस या ओॲसिसमध्ये राहिले आणि त्यांनी उंटांचं तापमान रात्रंदिवस मोजलं. पाणी मिळणाऱ्या उंटाचं तापमान दिवसभरात जेमतेम दोन अंश हललं. तहानलेल्या उंटाचं मात्र पहाटे 34 अंशांच्या आसपास आणि दुपारी 40 च्या वर! माणसाला इतका ताप आला तर आपण दवाखाना गाठतो. उंट मात्र ही उष्णता अंगात साठू देतो, त्यासाठी घाम गाळत नाही.

हिशेब करून पाहू. 500 किलोचा उंट सहा अंशांनी तापला, तर त्याच्या अंगात जवळजवळ 2,400 किलोकॅलरी साठतात. तेवढी उष्णता घामाने घालवायची तर चार लिटरांवर पाणी गेलं असतं. ते वाचलं. दुसरा फायदा मला याहून मोलाचा वाटतो. हवा 42 अंशांवर आणि अंग 38 वर असेल, तर चार अंशांच्या फरकाने उष्णता आत शिरत राहते. अंगच 41 वर गेलं की फरक एकाच अंशाचा उरतो, आणि आत येणारी उष्णता आपोआप मंदावते. दिवसाची ही उसनवारी रात्री फिटते. वाळवंटातलं आभाळ निरभ्र, रात्र गार. साठलेली उष्णता पाण्याचा थेंब न खर्चता निघून जाते आणि पहाटे अंग पुन्हा 34 वर येतं.

दाट केसांचंही असंच. श्मिट-नीलसन यांनी एका उंटाची लोकर कातरली, तर त्याचा पाण्याचा खर्च जवळजवळ निम्म्याने वाढला. जाड घोंगडी ऊनही अडवते, हे मेंढपाळांना सांगायला नको.

पण मेंदू 41-42 अंश सोसेल का? उंटाच्या कवटीच्या तळाशी मेंदूकडे जाणारी धमनी बारीक बारीक फांद्यांत फुटून जाळी बनते. भोवती नाकातून परतणारं रक्त असतं, ओल्या नाकात श्वासाच्या वाऱ्याने गार झालेलं. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यासारखंच हे काम. जाळीतलं गरम रक्त त्याच्या शेजारून जाताना निवतं आणि मग मेंदूत पोचतं. ही जाळी उंटाचीच मिरासदारी नाही. बैल, शेळी, मेंढी, काळवीट आणि शेतात घुसणारा रोही, सगळ्यांकडे ती आहे. घोड्याकडे नाही.

म्हणजे उंटाकडची बरीचशी अवजारं आपल्या दावणीलाही आहेत. कमी पडते ती रात्र. आपल्याकडे मे महिन्यात रात्र तशी गार होतच नाही, आणि त्यात आपण जनावरं पत्र्याच्या बंद गोठ्यात बांधतो. दिवसभर तापलेल्या भिंती आणि पत्रा अंधार पडल्यावरही उष्णता ओकत राहतात, वारा लागत नाही, आभाळ दिसत नाही. बैलाने दिवसाचं उसनं फेडायचं कुठे? दिवसा सावलीला पत्रा हवाच, त्यावर पऱ्हाट्या किंवा कडब्याचा थर टाकला तर उत्तम. पण दिवेलागणीनंतर दावण मोकळ्या अंगणात हलवा, हौद भरलेला ठेवा. आणि पहाटे वैरण टाकायला जाल तेव्हा बैलाच्या कानाला हात लावून पाहा. गार लागला, तर त्याची रात्र कामी आली.