जुन्या व्हॅनच्या मागील चाकांचीं बेअरिंगें

कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या चार नद्यांच्या पाण्यावर पोसलेल्या आमच्या शिरोळ तालुक्यांत बैलगाडीचे दिवस ओसरले, तरी शेतमालाची ने-आण कांहीं थांबलेली नाहीं. भाजी जयसिंगपूरच्या बाजारांत पोंचविणें, दुधाचे कॅन नेणें, खताचीं पोतीं आणणें, पौर्णिमेस घरच्या मंडळीस नृसिंहवाडीस घेऊन जाणें, हीं सर्व कामें कित्येक घरीं एकच जुनी मारुती व्हॅन करीत असते. १९८४ सालीं बाजारांत आलेली व पुढें ऑम्नी या नांवानें ओळखली गेलेली ही गाडी तयार करणें २०१९ सालीं बंद झालें. तेव्हां दारांत उभी आहे तीच जपणें भाग आहे. तिच्या मागील चाकाचें बेअरिंग झिजूं लागलें तर तें मालकानें स्वतः कसें ओळखावें, एवढाच विषय आम्ही येथें घेतला आहे.

बैलगाडीचा आस कोरडा पडला कीं चाक कुरकुरे, व गाडीवान खालीं उतरून वंगण घाली. गोळ्यांच्या बेअरिंगची कल्पनाही आसाशींच निगडित आहे. १७९४ सालीं वेल्समधील फिलिप वॉन या लोखंडाच्या कारखानदारानें गाडीच्या आसासाठीं त्याचें पेटंट घेतलें. दोन पोलादी कडीं, मध्यें पोलादी गोळ्या आणि त्या गोळ्यांस अंतरावर ठेवणारा पिंजरा, अशी त्याची रचना असते. या व्हॅनमध्यें इंजिनाची शक्ति मागील चाकांस मिळते. मागील आसाच्या पोकळ लोखंडी घरांत दोन शाफ्ट असून प्रत्येकाच्या बाहेरील टोंकास चाक बसविलेलें असतें. चाकाजवळचें बेअरिंग गाडीचा भार तर पेलतेंच, शिवाय शाफ्टला जागेवर धरूनही ठेवतें. तें पुरतें फुटलें तर शाफ्टसह चाक बाहेर येऊं शकतें व त्या चाकाचा ब्रेकही जातो. बैलगाडीची खीळ निसटण्यासारखाच हा प्रकार. परंतु तो बैलांच्या चालीनें नव्हे, तर मोटारीच्या वेगानें घडतो.

आमच्याकडे या झिजेस एक विशेष कारण आहे, तें म्हणजे पूर. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालीं तालुक्यांतील गांवेंच्या गांवें पाण्याखालीं गेलीं. भिजलेलें बेअरिंग त्याच दिवशीं तक्रार करीत नाहीं. धांवून तापलेला आस थंड पाण्यांत गेला कीं आंतील हवा आकसते व पाणी आंत ओढलें जातें. मग गाडी उभी असतां गोळ्यांच्या वाटेवर गंज चढतो, बारीक खड्डे पडतात, आणि आवाज कांहीं आठवड्यांनीं सुरू होतो. म्हणून पूर ओसरल्यावर घराचा पंचनामा होतो तसा गाडीचाही व्हावा. मागील आसांतील ऑईल थोडें काढून पाहावें. तें दुधाळ दिसल्यास पाणी शिरलें असें समजून सर्व ऑईल त्वरित बदलावें व बेअरिंगें तपासावीं.

एका साक्षीवरून पंचनामा पुरा होत नाहीं, हा महसूल खात्यांतील आमचा धडा येथेंही लागू आहे. पुढील चार साक्षी क्रमानें घ्याव्या.

पहिली साक्ष कानाची. झिजलेलें बेअरिंग मागून गुरगुरतें, व गाडीच्या वेगाबरोबर तो आवाज वाढतो. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशीं चाळीस किलोमीटर वेग झाला कीं गिअर न्यूट्रल करून गाडी क्षणभर तशीच जाऊं द्यावी. इंजिनाचा वेग उतरूनही गुरगुर राहिली तर इंजिन निर्दोष समजावें. ॲक्सिलरेटर दाबतां-सोडतां आवाज पालटत असेल तर डिफरन्शिअलचा संशय धरावा. रहदारी नसतां गाडी अलगद डावीकडे वळवावी. भार उजवीकडे जातो, तेव्हां आवाज वाढल्यास बहुधा उजवें बेअरिंग दोषी असतें. उजवीकडे वळवितां वाढल्यास डावें. मात्र पत्र्यांतून आवाज फिरतो, म्हणून एवढ्यावरच बाजू ठरवूं नये.

दुसरी साक्ष टायरची. टायरवर तळहात फिरवावा. करवतीच्या दांत्यांसारखी झीज लागली तर आवाज टायरचाही असूं शकतो. मागचीं चाकें पुढें व पुढचीं मागें लावून पाहावीं. आवाज पुढें गेला तर बेअरिंगचा खर्च वांचला.

तिसरी साक्ष हाताची. गाडी सपाट, घट्ट जमिनीवर उभी करून पुढील दोन्ही चाकांस पुढून-मागून ठोकळे लावावे. गिअर न्यूट्रल ठेवून हँडब्रेक सोडावा, कारण तो मागील चाकांसच धरतो. जॅकनें आस उचलून त्याखालीं भक्कम घोडा द्यावा. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालूं नये. मग चाक वर-खालीं धरून हालवावें. खडखड जाणवल्यास बेअरिंग ढिलें आहे. नंतर एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवून दुसऱ्यानें चाक फिरवावें. वाळू दळल्यासारखी खरखर पाट्यांतून हातास लागली तर संशय पक्का होतो. एकाच ठिकाणीं होणारी हलकी घासण बहुधा ब्रेक लाइनरची असते. दुसऱ्या चाकाशीं ताडून पाहिल्याविना निर्णय करूं नये.

चौथी साक्ष डोळ्यांची. चाकाच्या आंतल्या बाजूस काळसर, दाट ऑईल ओघळलें असल्यास सील गेलें आहे. तेंच ऑईल ब्रेक लाइनरवर चढतें, आणि भरल्या गाडीस उतारावर ब्रेक लागत नाहीं. असें आढळल्यास आवाज नसला तरी गाडी रस्त्यावर नेऊं नये.

दोष ठरल्यावर काम प्रेस असलेल्या कार्यशाळेंतच द्यावें. हातोड्यानें ठोकून बसविलेल्या नव्या बेअरिंगच्या वाटेवर पहिल्याच दिवशीं खड्डे पडतात. शाफ्टवरील धरकडी व ऑईल सील हीं दोन्ही प्रत्येक वेळीं नवीं घालावीं. बेअरिंगची शाफ्टवरील जागा झिजली असेल तर नवें बेअरिंगही टिकणार नाहीं, हें कारागिरास आधींच विचारावें. जुनें बेअरिंग मागून घ्यावें, व बोटानें फिरवून दोष खरोखर त्याचाच होता कीं नाहीं याची खातरजमा करावी.

ऊस तोडणीच्या हंगामांत रस्ते खचतात व गाडीस उसंत नसते. तेव्हां ही परीक्षा दिवाळीपूर्वीं एकदां व पूर ओसरल्यावर एकदां अवश्य करावी. भाजीचा एक दिवसाचा बाजार चुकला तर तो पुढें भरून काढतां येतो. त्याच गाडींत बसणारीं आपलीं मुलेंबाळें मात्र सुखरूप घरीं आलींच पाहिजेत.