रील नव्हती, पेज नव्हतं, तरी किर्लोस्करवाडीच्या माळावरून निघणाऱ्या मासिकानं वाचक टिकवले ते कसे?

कराडातून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलं की शेणोली, भवानीनगर, ताकारी अशी स्टेशनं घेत गाडी किर्लोस्करवाडीला येते. पंप, नांगर आणि कारखाना, एवढं या गावाबद्दल बहुतेकांना माहीत असतं. पण मराठीतली तीन गाजलेली मासिकं याच माळावर जन्माला आली, हे आपल्या वयाच्या फार कमी लोकांना ठाऊक आहे.

आता हे आठवायचं कारण काय?

तर सध्या कराड, सांगली, इस्लामपूर, कुठंही जावा, प्रत्येक कट्ट्यावर एखादा तरी पेज चालवणारा भेटतोच. कोण इतिहासावर लिहितंय, कोण शेतीवर, कोण कुस्तीवर. आणि सगळ्यांचं दुखणं एकच. एखादी पोस्ट तुफान चालते, हजारो लोक येतात. पुढच्या पोस्टला मात्र मित्र आणि मावसभाऊ सोडून कोणी नसतं.

कारण लोक आणणं हे एक काम आहे आणि लोक टिकवणं हे दुसरं. पहिलं नशिबानं जमू शकतं. दुसरं कसं जमतं, हे किर्लोस्करवाडीत दिसतं.

गोष्ट सुरू होते नांगरापासून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली, तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडानं जमिनीत विष पसरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर चांगला असूनही तो विकायला वेळ लागला, कारण अडचण मालाची नव्हती, विश्वासाची होती. पुढं १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. तीच किर्लोस्करवाडी.

या वाडीवर त्यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर आले. सगळे त्यांना 'शंवाकि' म्हणून ओळखतात. गडी मुळात चित्रकार. लाहोरला जाऊन पंडित सातवळेकरांकडं चित्रकला शिकलेला. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नावावरूनच कळतं, हे कारखान्याचं पत्रक होतं. म्हणजे आजच्या भाषेत कंपनीचं पेज.

कंपनीचं पेज कोण वाचतं? कोणीच नाही. आमच्या मालासारखा माल नाही, हे दर महिन्याला कोण वाचणार?

शंवाकिंनी इथंच वेगळी वाट धरली. हळूहळू कारखाना मागं गेला आणि वाचक पुढं आला. उद्योग, विज्ञान, गोष्टी, व्यंगचित्रं, बुवाबाजीवर टीका असं सगळं अंकात यायला लागलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही याच मासिकात आले. नावातली 'खबर' गळाली आणि मासिक नुसतं 'किर्लोस्कर' झालं.

मग अजून एक गोष्ट झाली, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीची हीच. सगळ्यांना सगळं एकाच अंकात कोंबत बसण्यापेक्षा १९३० मध्ये बायकांसाठी 'स्त्री' हे वेगळं मासिक निघालं आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. आज आपण काय करतो? इतिहासाच्या पेजवर चार दिवस लाइक कमी झाले की पाचव्या दिवशी क्रिकेटचं मीम टाकतो. मीम चालतं, पण इतिहासासाठी आलेला माणूस गोंधळतो आणि गपचूप निघून जातो. तो अनफॉलोसुद्धा करत नाही, नुसता बघायचा थांबतो. नंबर तेवढाच राहतो म्हणून आपल्याला ते कळतही नाही.

त्या काळच्या मासिकवाल्यांना मात्र ते कळायचं. कारण होतं वर्गणी.

त्याचं गणित असं चालायचं. वाचक वर्षाचे पैसे आधी भरायचा, अंक पोस्टानं घरी यायचा. वर्ष संपलं की पुढचा अंक व्ही. पी.नं पाठवायची रीत होती. पोस्टमन दारात उभा राहणार, पैसे दिले तर अंक मिळणार. नको म्हटलं तर पाकीट परत, आणि टपालाचा भुर्दंड मासिकाच्या डोक्यावर. म्हणजे वर्षातून एकदा प्रत्येक वाचक दारातच सांगून टाकायचा की तुम्ही मला हवे आहात की नाही. फुकटच्या लाइकमध्ये हा निकाल कधीच लागत नाही.

दुसरं म्हणजे, वर्गणीदारांचं रजिस्टर संपादकाच्या कार्यालयात असायचं. नाव, गाव, पोस्ट, तालुका, सगळं. मासिक आणि वाचक यांच्या मध्ये फक्त पोस्ट खातं, आणि पोस्ट खातं काही ठरवत नव्हतं की अमक्याला या महिन्यात अंक दाखवायचा आणि तमक्याला नाही.

आज हे ठरवलं जातं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं जाहीर केलं की न्यूजफीडमध्ये मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना जास्त जागा मिळेल, पेजच्या मजकुराला कमी. फॉलोअर तेच राहिले, पण पोस्ट त्यांच्यापर्यंत जाणं कमी झालं. २९ जून २०२० ला तर भारतात ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात टिकटॉक होतं. आपल्याकडच्या गावागावांतल्या पोरापोरींनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण ज्यांनी आपल्या बघणाऱ्यांना दुसरीकडं कुठंतरी जोडून घेतलं नव्हतं, त्यांना परत शून्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून पेज चालवणाऱ्यानं स्वतःचं रजिस्टर ठेवावं. ईमेलची यादी चालेल, व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्टही चालेल. अट एकच, माणसानं स्वतःहून नंबर दिलेला पाहिजे. विचारल्याशिवाय ग्रुपमध्ये ओढलेला माणूस वाचक नसतो, त्यानं ग्रुप म्यूट केलेला असतो. असे दोनशे लोक जमले तरी पुष्कळ. आणि वार ठरवून टाका. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा, पण ठरल्या वारी. मासिकाची वाट बघितली जायची, कारण ते कधी येणार हे ठाऊक असायचं. दिवाळी अंकांचं तेच आहे. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला, आणि लोक अजून दिवाळीला अंक शोधतात.

आता खरा अडचणीचा प्रश्न. वाचक टिकवायचे म्हणजे त्यांना आवडेल तेच लिहायचं का?

याचं एक उत्तर कराडच्या शेजारीच आहे. टेंभू म्हटलं की आपल्याला उपसा सिंचन योजना आठवते, पण गोपाळ गणेश आगरकर तिथलेच, जन्म १८५६ चा. 'केसरी'चे पहिले संपादक. समाजसुधारणेवरून टिळकांशी मतभेद झाले, १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं आणि १८८८ मध्ये स्वतःचं 'सुधारक' काढलं. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. पुण्यात लोक इतके चिडले की आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आजच्या ट्रोलिंगला तोडीस तोड! आगरकरांना लेखणी आवरती घेऊन शांत जगता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

शंवाकिंचा मार्ग वेगळा होता. बोचणारं तेही छापायचे, पण सोबत गोष्ट असायची, चित्र असायचं, उपयोगाची माहिती असायची. घरातल्या एकाला एक लेख पटला नाही तरी दुसऱ्याला अंक हवाच असायचा. मला विचाराल तर पेज चालवणाऱ्यानं आगरकरांकडून हिंमत घ्यावी आणि मांडणी शंवाकिंकडून शिकावी. नुसतंच गोड लिहिणाऱ्याला लाइक मिळतात, पण त्यानं लिहिणं थांबवलं तर कोणी विचारायला येत नाही.

आणि वाचक खरंच जोडला गेला असेल तर काय होतं, हेही याच मासिकांच्या पुढच्या कहाणीत दिसतं. विद्या बाळ कितीतरी वर्षं 'स्त्री'मध्ये होत्या, पुढं संपादक झाल्या. तिथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. मागं कारखाना नाही, मोठं घराणं नाही, वर्गणीदारांच्या जिवावर चालणारं मासिक. २०२० मध्ये विद्याताई गेल्या. 'मिळून साऱ्याजणी' त्यानंतरही निघतच राहिलं.