निकोटिनमुक्तीसाठी स्वमदत गट आणि वाचन-साहित्य : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. पुडीवरील चित्रमय इशारा, दवाखान्यातील भित्तिपत्रके आणि शाळांतील निबंधस्पर्धा यांमुळे तंबाखूने कर्करोग होतो ही माहिती वाडी-तांड्यांपर्यंत पोहोचली आहे. असे असूनही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, केवळ माहितीने व्यसन सुटत नाही. दुसरी, महाराष्ट्राचा प्रश्न प्रामुख्याने सिगारेटचा नसून चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूचा आणि मिश्रीचा आहे.

व्यसन सोडू इच्छिणाऱ्या व्यक्तींनी एकत्र येऊन चालविलेल्या स्वमदत गटांत वाचन-साहित्य कोणते कार्य करते आणि बीडसारख्या जिल्ह्यासाठी असे साहित्य कसे असावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. असे साहित्य एकट्याने वाचून बाजूला ठेवण्यासाठी नसते. ते चारचौघांत, मोठ्याने आणि पुनःपुन्हा वाचण्यासाठी असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

स्वमदत गटाची संकल्पना व तिचा उगम

येथे ‘स्वमदत गट’ हा शब्द बचत गटाच्या अर्थाने वापरलेला नाही. एकाच व्यसनाने ग्रासलेल्या व्यक्ती ठरावीक वेळी एकत्र बसतात, आपापला अनुभव सांगतात आणि परस्परांना व्यसनापासून दूर राहण्यास साहाय्य करतात. या पद्धतीचा आरंभ १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या नावाने झाला. त्याचे दोन्ही संस्थापक, एक शेअर बाजारातील व्यावसायिक व दुसरे शल्यविशारद, स्वतः मद्यासक्त होते. १९३९ मध्ये या संघटनेचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात बारा पायऱ्यांचे विवरण आहे आणि त्यासोबत सभासदांच्या आत्मकथनांचा मोठा भाग आहे. वैद्यकीय उपदेशाइतकेच ‘मी असा होतो, असे घडले, आज मी असा आहे’ या साध्या निवेदनाला त्यात स्थान मिळाले.

हीच पद्धती पुढे तंबाखूसाठी स्वीकारली गेली. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात ‘स्मोकर्स अ‍ॅनॉनिमस’ या नावाने गट सुरू झाले. १९९० मध्ये हे नाव बदलून ‘निकोटिन अ‍ॅनॉनिमस’ करण्यात आले. नावातील हा बदल आपल्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. धूर हा व्यसनाचा केवळ एक मार्ग आहे, व्यसन निकोटिनचे आहे, हे त्यातून मान्य झाले. या दृष्टीने पाहता विडी ओढणारा पुरुष, तंबाखूचा बार भरणारा मजूर आणि सकाळी मिश्री लावणारी स्त्री हे तिघेही एकाच वर्तुळात बसू शकतात.

वाचन-साहित्याची तीन कार्ये

पहिले कार्य शब्द देण्याचे आहे. ‘एवढ्याने काय होते’, ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’, ‘मनात आणले तर उद्या सोडीन’ अशी समर्थने प्रत्येक व्यसनी व्यक्तीजवळ असतात. तीच वाक्ये दुसऱ्याच्या अनुभवकथनातून ऐकू आली की ती आपली खास अडचण नसून आजाराचे सामान्य लक्षण आहे, हे ध्यानात येते. त्यामुळे लाज कमी होते आणि बोलणे शक्य होते.

दुसरे कार्य सभेला क्रम देण्याचे आहे. अशा गटांत पगारी तज्ज्ञ किंवा कायमचा प्रमुख नसतो. गटाचा हेतू, पायऱ्या व एखादा उतारा यांच्या वाचनाने सभा सुरू होते. लेखी मजकूर असल्याने कोणीही सामान्य सभासद सभा चालवू शकतो, आणि बोलण्यात पटाईत असलेल्या एखाद्या व्यक्तीच्या हाती सारी सूत्रे जात नाहीत.

तिसरे कार्य दोन सभांमधील काळात सोबत करण्याचे आहे. तंबाखू सोडल्यावर चिडचिड, निद्रानाश, अस्वस्थता व एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे पहिल्या आठवड्यात तीव्र असतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटे निभावून नेणे हाच खरा प्रश्न असतो. म्हणूनच या परंपरेत रोज एक छोटे पान वाचावे, अशा रचनेची पुस्तके तयार झाली.

मराठीतील अनुभव

लेखनातून व्यसनमुक्तीचे कार्य उभे राहिल्याचे ठळक उदाहरण मराठीतच आहे. अनिल अवचट यांनी १९८० च्या दशकात ब्राउन शुगरच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती पुढे ‘गर्द’ या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींनाच तेथे समुपदेशक व कार्यकर्ते म्हणून घडविण्यात आले. समदुःखी माणसाचा शब्द अधिक लागू पडतो, हे तत्त्व त्यामुळे मराठी समाजाला परके राहिलेले नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभाही महाराष्ट्रात मराठीतून भरतात. मात्र दारूकडे ‘आजार’ म्हणून पाहिले जाऊ लागले, तसे तंबाखूकडे पाहिले जात नाही. तंबाखू अजूनही आदरातिथ्याचा भाग आहे. अनोळखी माणसापुढे चंची करणे ही ओळखीची पहिली पायरी ठरते. जे व्यसन सोबतीने लागते, ते एकट्याच्या निर्धारावर सोडविण्याचा आग्रह धरणे तर्कसंगत नाही.

बीड जिल्ह्याचे वेगळेपण

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. पती-पत्नीची जोडी ‘एक कोयता’ म्हणून उचल घेते आणि दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. पहाटेपासून चालणारे काम, रात्री-अपरात्री भरायची वाहने आणि वेळेवर न मिळणारे अन्न या परिस्थितीत तंबाखू भूक मारण्याचे व जागे राहण्याचे साधन बनते. येथे नैतिक उपदेश करणारे साहित्य निष्प्रभ तर ठरतेच, शिवाय ते अन्यायकारकही ठरते. त्यामुळे बीडसाठी तयार होणाऱ्या साहित्यात पुढील तीन गुण असणे आवश्यक वाटते.

१) ते ऐकण्याजोगे असावे. मिश्री वापरणाऱ्या अनेक प्रौढ स्त्रियांना वाचता येत नाही, पण त्यांना ऐकण्याची सवय आहे. अखंड हरिनाम सप्ताहात व्यासपीठचालकामागून ज्ञानेश्वरीचे पारायण होते. तेथे वाचणारा, पाठोपाठ म्हणणारा व नुसता ऐकणारा असे सर्वच सहभागी असतात. ठरलेली वेळ, ठरलेला भाग व सामूहिक वाचन ही शिस्त येथे मुळातच रुजलेली आहे. गटात सर्व धर्मांच्या व्यक्ती असणार, म्हणून या परंपरेतील आशय न घेता तिची केवळ पद्धती घ्यावी.

२) ते सोबत नेण्याजोगे असावे. गावातील सभा गळीत हंगामात मोडते. त्यामुळे कोपीवर चार-पाच जणांना वाचता येईल अशी छोटी पुस्तिका आणि मोबाइलवर ऐकता येईल असे त्याच मजकुराचे ध्वनिमुद्रण आवश्यक आहे. टोळी हाच गट मानला, तर स्थलांतर हा अडथळा राहणार नाही.

३) त्यातील अनुभव येथील असावेत. सिगारेटचे पाकीट फेकून देण्याचा प्रसंग मिश्री लावणाऱ्या स्त्रीला काही सांगत नाही. तव्यावर तंबाखू भाजणे, दात घासण्याच्या निमित्ताने ती दिवसातून अनेकदा लावणे, मुकादमाने पुढे केलेली पुडी नाकारणे, हे प्रसंग साहित्यात आले पाहिजेत.

भाषांतरातील एक सूक्ष्म प्रश्न

बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी व्यसनापुढे आपण शक्तिहीन आहोत, अशी कबुली मागते. तिचे ‘आम्ही हतबल आहोत’ असे शब्दशः भाषांतर केले, तर आधीच उचलीच्या ओझ्याखाली असलेल्या मजुराला किंवा घरात दुय्यम स्थान असलेल्या स्त्रीला ते आणखी खचविणारे ठरू शकते. ‘एकटीचे बळ येथे पुरत नाही’ या मांडणीत कबुलीही आहे आणि सोबतीची हाकही आहे. त्याचप्रमाणे ‘अनामिकता’ हे तत्त्व लहान गावात शब्दशः पाळणे कठीण आहे. तेथे सर्वच सर्वांना ओळखतात. त्याऐवजी ‘येथले बोलणे येथेच राहील’ हा नियम प्रत्येक सभेच्या आरंभी वाचला जावा.

मर्यादा

केवळ छापील स्वयंसाहाय्य-साहित्याचा परिणाम अल्प असतो. त्या तुलनेत गटाच्या आधाराने तंबाखू सुटण्याचे प्रमाण अधिक असते, असा आढावा-संशोधनांचा निष्कर्ष आहे. मात्र ही संशोधने मुख्यतः धूम्रपानाविषयी व प्रशिक्षित मार्गदर्शकांनी चालविलेल्या गटांविषयी आहेत. बारा पायऱ्यांच्या पद्धतीचा भक्कम पुरावा दारूच्या बाबतीत आहे, निकोटिनबाबत असे अभ्यास थोडे आहेत. म्हणून स्वमदत गट हा औषधोपचाराचा पर्याय मानू नये. निकोटिन गम किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची औषधे वापरणाऱ्या सभासदाला गटात कमी लेखले जाऊ नये. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड उघडण्यास त्रास असल्यास तत्काळ तपासणी करावी, ही सूचना पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर असावी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्यवाणीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांकही तेथेच द्यावा.

महाविद्यालयांची भूमिका व समारोप

राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर सात दिवसांचे असते. या सात दिवसांत व्याख्याने व प्रभातफेरी यांबरोबरच तंबाखू सोडलेल्या ग्रामस्थांची अनुभवकथने त्यांच्या संमतीने व नाव न घेता टिपता येतील. मराठी विभागाने त्यांची भाषा न ‘सुधारता’ संपादन करावे, समाजशास्त्र व मानसशास्त्र विभागांनी ती गटात वाचून पाहावीत. ऐकणाऱ्या स्त्रिया ज्या शब्दावर अडखळतील तो शब्द बदलावा. बचत गटांच्या मासिक बैठकीत शेवटची दहा मिनिटे अशा वाचनासाठी मागून घेणेही अशक्य नाही.

या कार्याचा आरंभ प्राध्यापक-कक्षापासून व्हावा, हे अधिक उचित ठरेल. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु कायदा विक्रेत्याला दूर ठेवतो, खिशातील पुडीपर्यंत तो पोहोचत नाही. तेथपर्यंत सहकाऱ्याचा शब्दच पोहोचू शकतो. तो शब्द कोणता असावा, हे एकत्र बसून वाचण्यातूनच सापडेल.