माशाचा काटा

आपले छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर आहे. मुंबईचा किनारा येथून तीनशे किलोमीटरहून अधिक लांब. तरीही समुद्राचे मासे आपल्या ओळखीचे आहेत. बर्फात घातलेले बांगडे, सुरमई आणि पापलेट आपल्या मासळी बाजारात येतात. शाळेची सहल कधी मुरूड-जंजिऱ्याला जाते, कधी मालवणला. तेथे किनाऱ्यावर कोणी गळ टाकून बसलेला असतो. मुले त्याच्याभोवती जमतात. मासा वर आला, की एखादा मुलगा सर्वांच्या आधी हात पुढे करतो. हा पाठ त्या पुढे केलेल्या हातासाठी आहे.

काटा म्हटले, की आपल्याला जेवणातला काटा आठवतो. तो घशात अडकू नये म्हणून आई आपल्याला सावध करते. पण काही माशांचे काटे अंगाच्या बाहेर असतात आणि ते जेवणातल्या काट्यापेक्षा फार निराळे असतात. माशाला पंजे नाहीत, शिंगे नाहीत. मोठा मासा गिळायला आला, तर त्याने काय करावे? तेव्हा हे काटेच त्याच्या उपयोगी पडतात. मासा काट्याने शिकार करत नाही. कोणी त्याला धरले, दाबले किंवा त्याच्यावर पाय दिला, तरच काटा टोचतो.

कोकणच्या बाजारात शिंगाळा नावाचा मासा मिळतो. त्याच्या अंगावर खवले नसतात. तोंडाजवळ मांजरासारख्या मिशा असतात. उर्दूत तुम्ही सिंघाडा मछली म्हणता, ती याच्याच जातभाईंपैकी. ती मात्र गोड्या पाण्यातली. मराठीत माशाच्या पंखांना ‘पर’ म्हणतात. हा शब्द तुम्हांला नवा नाही! शिंगाळ्याच्या पाठीवरच्या पराच्या पुढे एक जाड काटा असतो आणि दोन्ही बाजूंच्या परांच्या पुढे एकेक. असे तीन काटे झाले. एरवी ते अंगालगत मिटलेले असतात. मासा घाबरला, की तिन्ही काटे ताठ उभे राहतात. गंमत अशी, की काट्याच्या मुळाशी हाडांची एक खुंटीच असते. काटा उभा राहिला, की ती खुंटी बसते. मग तुम्ही वरून कितीही दाबा, काटा वाकत नाही. तो तुमच्याच तळहातात शिरतो. काट्याच्या कडेला बारीक दाते असतात आणि त्यावरच्या पातळ त्वचेत विष असते. काटा टोचताच ती त्वचा फाटते आणि विष जखमेत उतरते.

यासाठी समुद्रावरच जायला हवे, असे नाही. पैठणच्या नाथसागरात गळ टाकणाऱ्यालाही शिंगाळ्याचे गोड्या पाण्यातले भाऊबंद भेटतात. शिंगी नावाचा लहानसा काळपट मासा पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो. टोपलीत निपचित पडलेला दिसतो, म्हणून त्याला खुशाल उचलू नये. मासा खरोखर मेलेला असला, तरी काट्यातले विष लगेच नाहीसे होत नाही.

शिंगाळ्याहून मोठी जखम करणारा मासा म्हणजे पाकट. तो थाळीसारखा चपटा असतो आणि त्याची शेपटी चाबकासारखी लांब असते. बहुतेक पाकटांच्या शेपटीवर करवतीसारखा काटा असतो. करवतीचे दात मागे वळलेले असतात. त्यामुळे काटा आत सहज जातो, पण बाहेर येताना मांस फाडतो. पाकट उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडून राहतो. वर फक्त डोळे दिसतात. गढूळ पाण्यात तर तेही दिसत नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये मुंबईत गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू होते. पाण्यात उतरलेल्या अनेक लोकांना पाकटांनी जखमी केले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतले कोणी मासे पकडायला गेले नव्हते. पाय वाळूवर पडावा, तसा तो पाकटावर पडला, एवढेच.

ऑस्ट्रेलियातील स्टीव्ह आयर्विन हा वन्यप्राण्यांविषयी चित्रपट करणारा माणूस मगरींशी झुंजत असे. ४ सप्टेंबर २००६ रोजी पाकटाचा काटा छातीत घुसून त्याचा मृत्यू झाला. अशी घटना फार क्वचित घडते. बहुतेक वेळा जखम पायाला किंवा घोट्याला होते. ती भयंकर दुखते, पण माणूस वाचतो.

आता जे लोक रोजच मासे हाताळतात, ते काय करतात? कोकणात कोळी, गाबीत, दालदी असे समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत. सिंधुदुर्गात रापण ओढतात. रापण म्हणजे किनाऱ्याजवळ अर्धगोल टाकलेले लांबच लांब जाळे. पुष्कळ माणसे मिळून ते वाळूवर ओढून आणतात. जाळ्यात पाकट आला, तर अनुभवी माणूस आधी त्याचा काटा तोडून टाकतो आणि मगच पुढचे काम करतो. काही जण शिंगाळ्याला बोटांच्या बेचक्यात काटे घेऊन उघड्या हाताने धरतात. पाहायला ते सोपे वाटते. तुम्ही मात्र ते पाहावे आणि तेथेच सोडून द्यावे! गळाला लागलेला काटेरी मासा जाड कापडाने किंवा हातमोज्याने धरावा आणि गळ पकडीने काढावा. गळ निघत नसेल, तर सरळ दोरी कापावी. एका गळाची किंमत ती काय? उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नये, वाळूवरून घासत न्यावे. पाकटाला चाहूल लागते आणि तो आपणहून निघून जातो.

एवढे करूनही काटा टोचला तर? रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड दाबून ते थांबवावे. जखम पाण्याने धुवावी. मग टोचलेला हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा. पाण्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त नसावे आणि वेळ ३० ते ९० मिनिटे. पाणी किती गरम आहे, ते न टोचलेल्या हाताने पाहावे. दुखऱ्या हाताला उष्णता नीट कळत नाही आणि कातडी भाजते. शास्त्रज्ञ म्हणतात, की माशाचे हे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने ती प्रथिने बिघडतात. हे खरे असो वा त्यामागे आणखी काही कारण असो, गरम पाण्याने कळ कमी होते हे डॉक्टरांनी पुष्कळ वेळा पाहिले आहे. बर्फाने असे होत नाही. हाताला दोरी आवळून बांधणे, जखमेवर तंबाखू किंवा माती भरणे, ब्लेडने चिरणे हे प्रकार तर जखम वाढवणारेच आहेत.

वर दिसणारा छोटा तुकडा चिमट्याने काढता येतो. पण काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल, तर तो ओढू नये. माणसाला न हलवता तसेच दवाखान्यात न्यावे. आत राहिलेला काटाच कधीकधी रक्त थांबवून धरतो. जखम लहान असली, तरी डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि तुटलेला तुकडा आत राहिला आहे का, तेही पाहावे लागते. पुढचे काही दिवस जखम लाल होते का, सूज चढते का, ताप येतो का, याकडे लक्ष ठेवावे. खाऱ्या पाण्यातले काही जंतू फार झपाट्याने पसरतात आणि त्यांच्यावरची औषधे नेहमीच्या जखमेच्या औषधांहून वेगळी असतात. आपल्या शहरातल्या डॉक्टरांसमोर अशी जखम रोज येत नाही. म्हणून सहलीहून परतल्यावर दवाखान्यात गेलात, तर ‘काटा लागला’ एवढेच सांगू नका. कोणत्या माशाचा काटा लागला आणि तो समुद्राच्या पाण्यात लागला, हेही सांगा.