चौदाव्या वर्षीं राष्ट्रीय संघांत : राणी रामपाल

हॉकीचा विषय निघाला कीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं प्रथम ध्यानचंदांचें नांव येतें, आणि १९२८, १९३२ व १९३६ या तीन ऑलिंपिकांतील सुवर्णपदकांची उजळणी होते. तें योग्यच आहे. परंतु याच देशांत मुलीही हॉकी खेळतात, परदेशीं जाऊन सामने जिंकतात, आणि त्यांपैकीं एक मुलगी चौदावें वर्ष चालू असतांनाच भारताच्या मोठ्या संघांत दाखल झाली होती, ही हकीकत त्या मानानें थोड्यांसच ठाऊक असते. तिचें नांव राणी रामपाल. इतक्या लहान वयांत संघांत येणें ही कौतुकाची गोष्ट खरीच. पण कौतुक ओसरल्यावर एक प्रश्न मागें उरतो. जिच्या अंगाची वाढ अद्याप पुरी झालेली नाहीं, अशा मुलीला थोरांच्या सामन्यांत उतरविलें तर पुढें तिचें काय होतें? राणीच्या कारकीर्दीकडे पाहावयाचें तें या दृष्टीनें.

हरियाणांत, कुरुक्षेत्र जिल्ह्यांत, दिल्लीहून अंबाल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शाहाबाद मार्कंडा नांवाचें गांव आहे. मार्कंडा हें तेथील नदीचें नांव. या गांवीं ४ डिसेंबर १९९४ रोजीं राणीचा जन्म झाला. वडील गाडी ओढून संसार चालवीत. घरांत घड्याळ नव्हतें. पहाटेच्या सरावाला मुलीला वेळेवर उठवितां यावें म्हणून आई आकाशाकडे पाहून वेळेचा अदमास घेई, असें राणीनेंच पुढें सांगितलें आहे. गांवांत हॉकी शिकविणारे सरदार बलदेवसिंग हे कडक शिस्तीचे गुरु. त्यांना पुढें द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ही किडकिडीत पोर पाहून त्यांनीं आरंभीं तिला घेण्याचें नाकारलें. तेव्हां एक मोडकी काठी कोठून तरी मिळवून, सलवार-कमीज घालूनच ती एकटी धांवूं लागली. अखेर गुरूंना तिला प्रवेश द्यावा लागला. पुढें घरच्यांची अडचण उभी राहिली. आंखूड पोशाख घालून मुलीनें मैदानावर जावें, हें त्यांना मानवेना. तीही समजूत यथावकाश पटली.

मैदानावर प्रत्येक मुलीनें अर्धा लिटर दूध आणून प्यावें असा नियम होता. राणीच्या घरीं दोनशे मिलिलिटरच परवडे. ती कोणाला न सांगतां त्यांत पाणी मिसळी आणि तें पिऊन खेळावयास उभी राही. मुलीच्या निर्धाराची साक्ष म्हणून ही गोष्ट पुष्कळांनीं सांगितली आहे; पण ज्या वयांत हाडामांसाला खरें दूध हवें, त्याच वयांत तें पाणी घालून प्यावें लागलें, ही तिची दुसरी बाजूही विसरतां कामा नये. पुढें बलदेवसिंगांनींच तिला खेळाचें साहित्य घेऊन दिलें आणि तिच्या आहाराकडे लक्ष पुरविलें.

१९८० सालीं मॉस्कोला भारतीय महिलांचा संघ ऑलिंपिकांत चौथा आला होता. त्यानंतर तें दार कित्येक वर्षें बंदच राहिलें. तें उघडण्याचा आणखी एक प्रयत्न २००८ सालीं रशियांतील कझान येथें झाला, आणि त्या संघांत राणी होती. दार उघडलें नाहीं. परंतु दोनच वर्षांनीं, २०१० सालीं, अर्जेंटिनांतील रोझारिओ येथील विश्वचषकांत या पंधरा वर्षांच्या मुलीनें सात गोल केले. भारताचा संघ नववा आला, तरी स्पर्धेंतील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान तिला मिळाला.

एवढीशी मुलगी थोराड बचाव करणाऱ्यांच्या गर्दींत गोल कशी करते, याचें नवल वाटणें साहजिक आहे. त्याचें उत्तर खेळाच्या नियमांत आहे. हॉकींत चेंडू मैदानाच्या कोणत्याही भागांतून गोलांत धाडला म्हणजे गोल होत नाहीं. गोलच्या खांबांपासून १४.६३ मीटरांवर, म्हणजे सोळा यार्डांवर, एक वांकडी रेघ आंखलेली असते. तिच्या आंतील जागेला सर्वत्र ‘डी’ म्हणतात. या डीच्या आंत हल्ला करणाऱ्या बाजूची काठी चेंडूला लागली, तरच गोल धरतात. तेथें गर्दी फार आणि अवसर डोळ्याचें पातें लवण्याइतका. अशा ठिकाणीं दांडगाईपेक्षां चेंडू कोठें येणार हें आधीं ओळखण्याची बुद्धि अधिक उपयोगी पडते, आणि ती वयावर अवलंबून नसते. राणीजवळ ती उपजत असावी. बाकीचें शाहाबादच्या सरावानें दिलें.

२०१३ सालीं जर्मनींतील म्यॉन्शनग्लाडबाख येथें कुमारींच्या विश्वचषकांत भारतानें इंग्लंडला हरवून कांस्यपदक मिळविलें. तें या गटांतील आपलें पहिलें पदक, आणि स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू राणीच ठरली. यानंतरचा तिचा प्रवास मात्र वेगळ्या वळणाचा आहे. जो खेळाडू लहानपणीं गोल करून नांव मिळवितो, त्याच्यावर पुढें प्रतिपक्षाचे दोन-दोन पहारे बसतात. अशा वेळीं कित्येक मंडळी हिरमुसून जातात. राणीनें आघाडी न सोडतां थोडें मागें येऊन मधल्या फळीलाही हात देण्यास आरंभ केला. स्वतः गोल करण्याबरोबर इतरांना चेंडू पुरविणें हेंही ती आपलें काम समजूं लागली. २०१६ सालीं भारतीय महिला छत्तीस वर्षांनीं ऑलिंपिकांत, रिओला, उतरल्या. तेथें बारावें स्थान मिळालें. पुढच्याच वर्षीं राणीच्या नेतृत्वाखालीं भारतानें जपानमध्यें आशिया चषक जिंकला.

तिच्या खेळाचा कस लागला तो नोव्हेंबर २०१९ मध्यें, भुवनेश्वरला. टोकियो ऑलिंपिकचा प्रवेश अमेरिकेशीं होणाऱ्या दोन सामन्यांवर होता, आणि दोहोंतील गोलांची बेरीज करून निर्णय व्हावयाचा होता. पहिला सामना भारतानें ५-१ असा जिंकला. चार गोलांची आघाडी हातीं असतां दुसरा सामना केवळ उपचार राहिला, असें पुष्कळांना वाटलें असेल. पण दुसऱ्या दिवशीं मध्यांतरापूर्वींच अमेरिकेनें चार गोल चढविले. बेरीज ५-५. आदल्या दिवसाची सारी कमाई अर्ध्या तासांत संपली! अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला राणीनें डींत चेंडू मिळवून गोल केला, आणि भारत ६-५ अशा बेरजेनें टोकियोला गेला.

तें ऑलिंपिक साथीमुळें २०२१ सालीं भरलें. पहिले तिन्ही सामने भारत हरला. मग आयर्लंड व दक्षिण आफ्रिका यांना हरवून संघ उपांत्यपूर्व फेरींत पोंचला, आणि तेथें गुरजित कौरच्या एका गोलावर बलाढ्य ऑस्ट्रेलियाला त्यानें १-० नें हरविलें. कांस्यपदकाचा सामना ब्रिटननें ३-४ असा हिरावून घेतला, चौथें स्थान. या संघांत शाहाबादच्या तिघी होत्या : राणी, नवजोत कौर आणि नवनीत कौर.

पण आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर येथें संपत नाहीं. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून हॉकी गवताऐवजीं कृत्रिम हिरवळीवर आली. चेंडूचा वेग वाढला, धांव वाढली, आणि वांकून खेळणाऱ्याच्या पाठीवर व मांड्यांवरचा भार त्याबरोबर वाढला. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून हा भार वाहणाऱ्या शरीराला तो केव्हां तरी जाणवणारच. टोकियोनंतर मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळें २०२२ चा विश्वचषक राणीला मुकावा लागला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंतील कांस्यपदक संघानें तिच्यावांचून मिळविलें. २०२३ च्या आरंभीं दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांत ती परतली. पुढें तिची निवड झाली नाहीं. ज्या वयांत इतर कित्येकींचा खेळ भरांत असतो, त्या वयांत राणी संघाबाहेर होती. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, खेलरत्न हे मान तोंवर मिळून चुकले होते.

ऑक्टोबर २०२४ मध्यें, एकोणतीस वर्षांची असतांना, तिनें निवृत्ति जाहीर केली. तिच्या पाठीवरील २८ हा अंक यापुढें महिला संघांत कोणालाही द्यावयाचा नाहीं, असें हॉकी इंडियानें त्याच वेळीं ठरविलें.