घड्याळातले १६०० मीटर आणि जमिनीवरचे

"साहेब, पोरगं चार हजाराचं घड्याळ मागतंय, पळायला. देऊ का घेऊन?" शिरड शहापूरला सोयाबीनचा प्लॉट पाहताना एका शेतकऱ्यानं विचारलं. प्रश्न खताचा नव्हता, पण पैसा शेतातलाच जाणार होता.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्याला २० गुण. मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांत अंतर काढलं तर पूर्ण गुण, पुढे उशीर होईल तसे कमी. म्हणजे दर ४०० मीटरला साधारण ७७ सेकंद. पोरं पहिल्या फेरीत जीव तोडून पळतात अन् तिसऱ्या फेरीत बसतात. तिथं घड्याळ कामाला येतं, वेग आवरता येतो. सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके रोजच्यापेक्षा सात-आठनं वाढलेले दिसले, तर अंग थकलंय, त्या दिवशी हलकं पळावं.

खोट आहे ती अंतरात. स्वस्त घड्याळात बहुधा जीपीएस नसतं, ते खिशातल्या मोबाईलचं वापरतं. मोबाईल घरी राहिला की हाताच्या झोक्यावरून पावलं मोजायची अन् अंतराचा अंदाज बांधायचा. जीपीएस असलं तरी मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर इकडंतिकडं होतंच, झाडाखाली जास्त. ई-पीक पाहणी करताना ठिपका शेजाऱ्याच्या गटात गेलेला आपण पाहिलाय, तसंच हे. घड्याळानं १६०० दाखवलं अन् खरं अंतर १५५० निघालं, तर भरतीच्या दिवशी राहिलेल्या ५० मीटरला दहा सेकंद लागतात. तिथं वेळ मैदानावरची यंत्रणा मोजते, तुमचं मनगट नाही.

ठोक्यांचंही तसंच. हिरवा उजेड कातडीतून रक्ताचा प्रवाह पाहतो. पट्टा सैल असला, हात जोरात हलला की आकडा चुकतो. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट बांधावा. आणि छातीत दुखलं तर आकडा बघत बसू नये, दवाखाना गाठावा.

त्या शेतकऱ्याला सांगितलं, घ्यायचं तर घ्या, पण आधी टेप आणा. पाणंदीवर ३० मीटरची टेप ५३ वेळा टाका, वर १० मीटर धरा. ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर एका सकाळचं काम आहे. फक्त चुन्याची खूण पावसात जाते, दर ४०० मीटरला दगडच रोवावा.